शॉटगनला वेगळा न्याय का?

ब्रिटनमध्ये शिकारीची बंदूक विकत घ्यायची असेल, तर दुकानाची पायरी जवळजवळ शेवटी येते. त्याआधी पोलिसांकडे अर्ज करावा लागतो, ओळखीच्या विश्वासू माणसांची नावं द्यावी लागतात, डॉक्टरांकडून शरीराच्या आणि मनाच्या प्रकृतीची माहिती मागवली जाते आणि जुने गुन्हे तपासले जातात. तीन वर्षं किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला आयुष्यभर बंदुकीला हात लावता येत नाही. तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली असेल, तर सुटकेनंतर पाच वर्षं ही बंदी असते. मग पोलिसांचा माणूस थेट घरी येतो. बंदुकीचं पोलादी कपाट भिंतीला बोल्टांनी पक्कं बसवलं आहे का, त्याची किल्ली घरातल्या आणखी कुणाच्या हाती लागते का, घरातलं वातावरण कसं आहे, हे तो पाहतो आणि अर्जदाराशी बोलतो. फेब्रुवारी २०२५ पासून नव्या शॉटगन परवान्याचं शुल्क १९४ पौंड आणि रायफलीच्या परवान्याचं १९८ पौंड झालं आहे. परवाना पाच वर्षं चालतो, नंतर नूतनीकरण. हे सगळं पार पडल्यावर माणूस दुकानात पाऊल टाकतो.

दुकानदारही साधा व्यापारी नसतो. पोलिसांकडे नोंदणी झालेल्या विक्रेत्यालाच हा धंदा करता येतो. गिऱ्हाइकाने स्वतः हजर राहून परवाना दाखवायचा, विक्रेत्याने तो तपासायचा आणि बंदूक त्याच्याच हातात द्यायची, असा नियम आहे. मग परवान्यावर बंदुकीचा प्रकार, बनावट आणि तिच्यावर कोरलेला क्रमांक लिहून विक्रेता सही करतो, तीच माहिती आपल्या नोंदवहीत उतरवतो आणि सात दिवसांच्या आत हा व्यवहार पोलिसांना कळवला जातो. नळीवर कोरलेली बारीक खूणही पाहावी लागते. १८६८ च्या कायद्यानुसार लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहात जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासली जाते आणि टिकली तरच तिच्यावर ही खूण उमटते. अशी परीक्षा न झालेली बंदूक विकणं गुन्हा आहे. समोरचा माणूस दारू प्यायलेला आहे किंवा त्याचं मन थाऱ्यावर नाही असं वाटायला जागा असेल, तर त्याच्या हाती परवाना असला तरी त्याला बंदूक विकणं १९६८ च्या कायद्याच्या २५ व्या कलमाने गुन्हा ठरतं. एवढा एक निर्णय विक्रेत्याच्या हातात उरतो. बाकी सगळे निर्णय आधीच पोलिसांच्या टेबलावर झालेले असतात. म्हणून या कायद्याची ताकद मोजायची तर ती त्या टेबलावर मोजली पाहिजे. तिथे पाहिलं की एक गोष्ट खटकते, ती म्हणजे रायफल मागणाऱ्याला आणि शॉटगन मागणाऱ्याला कायदा वेगवेगळी कसोटी लावतो.

ही विषमता जुनी आहे आणि तिच्या इतिहासाचा एक धागा थेट नाशिकपर्यंत येतो. १८७० पासून ब्रिटनमध्ये बंदुकीचा परवाना टपाल कचेरीत दहा शिलिंगांना मिळत असे. तो खरं तर कर होता, माणूस कसा आहे याची चौकशी त्यात नव्हती. १९०३ च्या पिस्तूल कायद्याने विक्रेत्याला खरेदीची नोंद ठेवायला लावलं, पण पिस्तूल कशासाठी हवं हे गिऱ्हाइकाला विचारायला लावलं नाही. मदनलाल धिंग्रा यांनी जानेवारी १९०९ मध्ये कोल्ट पिस्तूल घेतलं ते लंडनमधल्या गॅमेजेस या मोठ्या दुकानातून. धिंग्रांनी केलेल्या कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या वधानंतर झालेल्या खटल्यात ही खरेदी उघड झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून गुपचूप पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होतं. हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातातून शस्त्र काढून घेतलं होतं, आणि राज्यकर्त्यांच्या राजधानीत मात्र ते दुकानात मिळत होतं. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. रणांगणावरून आलेली शस्त्रं गावोगाव पोचली होती आणि रशियातल्या क्रांतीची धास्ती होती. १९२० च्या कायद्याने पिस्तूल आणि रायफल यांच्यासाठी पोलिसांचा परवाना सक्तीचा केला. शॉटगन तेवढी बाहेर राहिली. ती जमीनदाराची, शेतकऱ्याची, तितर आणि ग्राउस मारणाऱ्यांची बंदूक, तिच्यापासून कुणाला धोका वाटत नव्हता. तिच्यासाठी परवाना आला तो १९६७ च्या कायद्याने, आणि तोही सौम्य.

आजच्या कायद्यात शॉटगन म्हणजे आतून गुळगुळीत आणि किमान २४ इंच लांबीच्या नळीची, एका वेळी फार तर दोन काडतुसं मावणारं न निघणारं मॅगझिन असलेली किंवा मॅगझिनच नसलेली बंदूक. आपल्याकडची दुनळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यातून छर्रे उडतात, ते जवळच्या पल्ल्यात पसरतात आणि दूरवर जोर गमावतात. रायफलीच्या नळीत मळसूत्री चरे असतात आणि तिची एकच गोळी मैलभर प्राणघातक राहते. मोठी हरणं मारायला इंग्लंडमध्ये ठरावीक जाडीच्या आणि ताकदीच्या गोळीची रायफलच लागते. हा फरक कायद्यात आला तो असा. रायफल हवी असेल तर प्रत्येक बंदुकीसाठी सबळ कारण अर्जदाराने द्यायचं. कोणत्या जमिनीवर, कोणत्या जनावरासाठी, हे सांगायचं. मग परवान्यात त्या मापाच्या एका रायफलीची जागा मंजूर होते, काडतुसांचा आकडाही बांधून मिळतो आणि विक्रेता त्यापलीकडे काही देऊ शकत नाही. शॉटगनच्या बाबतीत भार उलटतो. अर्जदाराकडे कारण नाही असं पोलिसांना पटलं, तरच कारणाच्या मुद्द्यावर परवाना नाकारता येतो. खेळ, नेमबाजीच्या स्पर्धा किंवा पिकांची नासधूस करणारे पक्षी आणि प्राणी मारणं ही कारणं कायद्यानेच पुरेशी मानली आहेत. एकदा परवाना मिळाला की कपाटात जागा असेल तितक्या शॉटगन घेता येतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये शॉटगनचे परवाने सुमारे पाच लाख आहेत आणि रायफलींचे सुमारे दीड लाख. म्हणजे ब्रिटनच्या कायदेशीर बंदुकांचा मोठा भाग सौम्य कसोटीतून गेलेला आहे.

या सौम्यपणाची किंमत १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लिमथ शहरातल्या कीहॅम भागात दिसली. एका तरुणाने शॉटगनने पाच माणसं मारली, त्यांत तीन वर्षांची एक मुलगी होती. त्याने आधीच्या वर्षी दोन किशोरवयीन मुलांना मारहाण केल्यावर त्याची बंदूक आणि परवाना पोलिसांनी काढून घेतला होता. गोळीबाराच्या काही आठवडे आधी ते दोन्ही परत देण्यात आले. मृत्यूंच्या चौकशीत पंचांनी पोलिसांच्या परवाना विभागावर गंभीर ठपका ठेवला. गोळीबारानंतर सरकारने डॉक्टरांच्या माहितीशिवाय परवाना देऊ नये, असं पोलिसांना बजावलं. तिकडे दवाखाने चालवणाऱ्या कितीतरी मराठी डॉक्टरांनाही आता पोलिसांचं असं पत्र येतं आणि आपल्या रुग्णाला नैराश्य आहे का, दारूचं व्यसन आहे का, हे सांगावं लागतं. ही सुधारणा योग्यच आहे. पण तिने पोलिसांच्या हाती माहिती दिली, नकार देण्याची कायदेशीर बाजू तेवढीच दुबळी राहिली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गुन्हेगार दुकानात परवाना घेऊन येत नाहीत. रोजच्या टोळीयुद्धांबद्दल हे खरं आहे, तिथे चोरीची आणि बेकायदा बनवलेली हत्यारं फिरतात. पण ब्रिटनला हादरवून सोडणाऱ्या घटना पाहाव्यात. १९८७ चं हंगरफर्ड, १९९६ चं डनब्लेन, २०१० चं कंब्रिया आणि २०२१ चं कीहॅम, चारही ठिकाणच्या बंदुका कायदेशीर परवान्यावरच्या होत्या. हंगरफर्डनंतर बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली गेल्या, डनब्लेनमध्ये सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मेल्या तेव्हा ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून खाजगी पिस्तूल जवळजवळ संपलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंब्रियात बारा जणांना मारणाऱ्या माणसाकडे शॉटगनबरोबर रायफलही होती, म्हणजे कडक कसोटीतून तो गेलाच होता. हे मान्य केलंच पाहिजे. माणसाच्या मनात पुढे काय शिजेल हे कोणताही अर्ज सांगू शकत नाही. पण कसोटी सगळ्यांना पकडत नाही म्हणून ती निम्म्याहून अधिक बंदुकांवर ढिली ठेवावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सबळ कारण मागितलं की पोलिसांना नाही म्हणायला पाया मिळतो आणि अपिलात न्यायालयासमोर तो निर्णय टिकतो.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आणि शिकार करणाऱ्यांच्या संघटनांचा. त्यांची भीती खरी आहे. परवाना विभागांत आधीच अर्ज महिनोन् महिने पडून राहतात, त्यात प्रत्येक दुनळीसाठी वेगळं कारण मागितलं तर कबुतरांनी पीक फस्त करेपर्यंत परवानगी येणार नाही. आपल्याकडे रानडुकरं भुईमूग उकरतात तेव्हा पीक संरक्षणाच्या बंदुकीसाठी कलेक्टर कचेरीत चकरा मारणाऱ्या शेतकऱ्याला ही धास्ती समजावून सांगायला नको. पण याचं उत्तर याच राष्ट्रात, उत्तर आयर्लंडमध्ये आहे. तिथे २००४ पासूनच्या कायद्यात रायफल आणि शॉटगन एकाच परवान्यावर असतात आणि प्रत्येक बंदुकीसाठी सबळ कारण द्यावं लागतं. तरी तिथल्या गावांत शेती चालते, शिकारही चालते. शिवाय तिथे बंदुकांचे गट पाडले आहेत. जुनी बंदूक देऊन त्याच गटातली दुसरी घ्यायची असेल, तर नोंदणीकृत विक्रेता ती अदलाबदल आपल्या दुकानातच पूर्ण करतो आणि पोलिसांना कळवतो, नव्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. माणसाची पारख पोलिसांनी कडक करायची आणि पारख झालेल्या माणसाचे पुढचे किरकोळ व्यवहार विक्रेत्यावर सोपवायचे, अशी ही विभागणी आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडने हीच घ्यावी, आणि वाढवलेलं शुल्क परवाना विभागात प्रशिक्षित माणसं भरण्यासाठी वापरावं.