यादीत नाव नसलेला नातू

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळचा दवाखाना सुरू होण्यापूर्वीच माझ्या एका जुन्या रुग्णाचा दूरध्वनी आला. वय बहात्तर, रक्तदाब आणि थोडी साखर, निवृत्त मुख्याध्यापक. दिवाळी आटोपून ते सपत्नीक मुलाकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या एका उपनगरात गेले होते. मला वाटले, गोळ्या संपल्या असतील. पण ते म्हणाले, "डॉक्टर, माझी तब्येत उत्तम आहे. नातवाचे विचारायचे आहे. तीन दिवस झाले, पोर खोलीबाहेर येत नाही. जेवणाचे ताटही आतच. शाळेच्या हॉकीच्या संघात त्याला घेतले नाही."

मी विचारले, "तुम्ही त्याला काय म्हणालात?"

क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी म्हटले, बरे झाले. आता अभ्यासाकडे लक्ष लागेल."

वाचकहो, हे वाक्य तुमच्या तोंडूनही निघाले असते. माझ्या तोंडून ते माझ्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत निघालेले आहे. तिने पुढे चार वर्षे मला त्याची आठवण करून दिली. त्यामागे आपली माया असते, हे खरे. पण सोळा वर्षांच्या मुलाला त्यात एवढेच ऐकू येते, की जे त्याच्यासाठी सर्वस्व होते ते घरच्यांना कधी महत्त्वाचे वाटलेच नाही.

तेथील हॉकी म्हणजे आपल्या मेजर ध्यानचंदांची मैदानावरची हॉकी नव्हे. ती बर्फावरची. पायांत धारदार पात्यांचे बूट, डोक्याला शिरस्त्राण, आणि चेंडूऐवजी कडक रबराची, तीन इंच व्यासाची चपटी चकती. तिला 'पक' म्हणतात. मिनेसोटात वर्षातले कित्येक महिने तळी गोठलेली असतात, त्यामुळे हा खेळ तेथे आपल्याकडील क्रिकेटसारखा घराघरांत भिनलेला आहे. मुले चार-पाच वर्षांची असताना बर्फावर उभी राहतात. वस्तीवस्तीच्या हॉकी संघटना पालकांच्या स्वयंसेवेवर चालतात. कोवळ्या वयात पहाटे अंधारात उठून सरावाला जाणे, आईबापांनी गाडीत पेंगत बसून राहणे, हे सारे ओघानेच येते. या मुलाने अशी दहा-अकरा वर्षे काढली होती.

मग नववीपासून शाळेचा संघ सुरू होतो. मुख्य संघाला 'व्हर्सिटी' म्हणतात, त्याखालच्या संघाला 'ज्युनिअर व्हर्सिटी'. शालेय संघांची राज्य अजिंक्यपद स्पर्धा १९४५ पासून भरते; ती दूरचित्रवाणीवर दाखवतात आणि सेंट पॉल शहरातले मोठे क्रीडागृह हजारो प्रेक्षकांनी भरून जाते. त्या स्पर्धेत खेळण्याचे स्वप्न पाहत मुले मोठी होतात. नोव्हेंबरात निवड चाचणी होते. बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह एका बाजूचे सहाच खेळाडू असतात आणि सामन्याला सारा संघ मिळून सुमारे वीस. मोठ्या शाळेत इच्छुक कितीतरी अधिक. दोन-तीन दिवसांत यादी लागते. ज्याचे नाव नाही, तो 'कट' झाला. गोलरक्षकांची स्थिती तर आणखी बिकट, कारण खेळणार एकच.

आता वैद्य म्हणून थोडे बोलतो, कारण इथे समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

मुलग्यांच्या उंचीची सर्वांत वेगवान वाढ सरासरी तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास होते. पण 'सरासरी' हा शब्द फसवा आहे. कोणाची ती बाराव्या वर्षीच होऊन जाते, कोणाची पंधरावे उलटले तरी पुरी होत नाही. दोघेही निरोगीच. एकाच वर्गातील एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. धडकाधडकीच्या खेळात ताकदीला किंमत असते, आणि निवड करणारा त्या आठवड्यातले शरीर पाहतो, दोन वर्षांनंतरचे नव्हे. याच्या जोडीला जन्ममहिन्याची गंमत आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की तेथील वरच्या दर्जाच्या हॉकीपटूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा तुटवडा आहे. कारण सरळ आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. लहानपणी तो मोठा दिसतो, म्हणून निवडला जातो, म्हणून त्याला अधिक सराव मिळतो, म्हणून तो खरोखरच चांगला होतो. तेव्हा यादीत नाव नसणे म्हणजे अंगात गुण नसणे, असे समीकरण मांडता येत नाही.

आणि वगळलेल्या मुलाचे नेमके काय जाते? खेळ जातो, हे उघड आहे. पण शाळा सुटल्यावरचे तीन तासही जातात. ज्यांच्या गाडीतून तो जात-येत असे ते मित्र जातात. 'तू कोण?' या प्रश्नाचे तयार उत्तर जाते. शरीराला रोजच्या कसून मेहनतीची सवय असते. ती एकाएकी थांबली की झोप बिघडते, भूक मात्र पूर्वीचीच राहते, आणि रिकामा वेळ मोबाइल गिळतो. त्यात डिसेंबरातील मिनेसोटा, जिथे दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. तिच्याच अंदाजानुसार ११ ते १७ वयाची जगातील ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत. जो मुलगा हे औषध दहा वर्षे आपखुशीने घेत होता, त्याचे ते एका यादीमुळे बंद पडावे, हे मला डॉक्टर म्हणून खटकते. हरणे-जिंकणे हा त्या मानाने किरकोळ विषय आहे.

मी आजोबांना म्हटले, तिकडे यावर काही सोय असेलच, मुलाला विचारा. दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. सोय होती. तिचे नाव 'ज्युनिअर गोल्ड'.

मिनेसोटातील हॉकीची राज्य संघटना ही शृंखला चालवते. ती माध्यमिक शाळेच्या वयाच्या, पण शाळेच्या संघात नसलेल्या मुलांसाठी आहे. संघ शाळेचा नसून वस्तीच्या त्याच जुन्या संघटनेचा, जिथे मुलगा लहानपणी खेळला. 'ए' आणि 'बी' असे दोन स्तर, शिवाय सोळा वर्षांपर्यंतच्यांचा वेगळा गट. शाळांच्या याद्या लागल्या की लगोलग यांच्या चाचण्या होतात. म्हणजे शोक करायला फारसा अवधीच मिळत नाही, आणि ते बरेच आहे. हिवाळाभर आसपासच्या गावांशी सामने आणि मोसमाच्या अखेरीस यांचीही स्वतःची राज्य स्पर्धा. शाळेच्या संघाचा सराव जवळजवळ रोज असतो. इथला भार त्याहून हलका, त्यामुळे अभ्यास किंवा सुट्टीच्या दिवसाची छोटी नोकरी सांभाळता येते. शुल्क मात्र द्यावे लागते आणि बर्फाचे भाडे स्वस्त नसते. आजोबांनी "एवढे पैसे, आणि तेही दुय्यम संघासाठी?" असे विचारलेच. मी म्हटले, "गुरुजी, तुमच्या गोळ्यांना आपण दुय्यम म्हणतो का?"

'दुय्यम' हा शब्द घरात कोणी उच्चारू नये, अशी माझी विनंती आहे. त्या मुलांनाही ठाऊक असते की गॅलरीत गर्दी नाही आणि वर्तमानपत्रात नाव येणार नाही. तरीही ती येतात, कारण त्यांना खेळायचे असते. शाळेच्या बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ पाहण्यापेक्षा इथे प्रत्यक्ष बर्फावर अधिक वेळ मिळतो, असे म्हणणारे काही पालक तर मुलाला चाचणीआधीच इकडे वळवतात.

मिनेसोटाच्याच हर्ब ब्रुक्स यांची कथा या निमित्ताने सांगितली जाते. सेंट पॉलच्या या खेळाडूला १९६० च्या ऑलिम्पिक संघातून स्पर्धेच्या ऐन तोंडावर वगळण्यात आले, आणि त्या संघाने सुवर्णपदक जिंकले. ब्रुक्स पुढे १९६४ आणि १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळले. आणि १९८० मध्ये लेक प्लॅसिड येथे सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाचे ते प्रशिक्षक होते. त्या संघातील वीसपैकी बारा खेळाडू मिनेसोटाचे. कथा खरी आहे आणि सुंदर आहे. पण पहिल्या आठवड्यात नातवाला ती ऐकवू नका. नुकत्याच भाजलेल्या हाताला थंड पाणी हवे असते, थोरांची चरित्रे नव्हेत.

मग म्हणायचे काय? माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडते ते थोडे बोलणे आणि जवळ बसणे. "वाईट वाटले असेल ना तुला" एवढे पुरते. "त्या प्रशिक्षकाला काही कळत नाही" हे टाळा. मुलाला रागासाठी माणूस मिळतो, पण मार्ग मिळत नाही. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी आणखी एक शंका हळू आवाजात बोलली जाते, की रंगामुळे तर वगळले नसेल? तशी खरी कारणे दिसत असतील तर मुलाच्या आईवडिलांनी शाळेशी रीतसर बोलावे. जेवणाच्या टेबलावर आजोबांनी निकाल देऊ नये. आणि नव्या संघात जायचे की नाही, हे मुलानेच ठरवावे. एखाद्याला हॉकी पुरे झाली असेल आणि तो बर्फावरच्या लांब चालीच्या स्कीइंगकडे किंवा संगीताकडे वळेल. त्यात पराभव नाही. हालचाल आणि सोबत टिकली, की आमच्या शास्त्राचे समाधान होते.

उदासी किती दिवस चालवून घ्यावी? काही दिवस खोलीत राहणे, चिडणे, रडणे हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, झोप वा भूक बदललेली असेल, मित्रांचे निरोप तो टाळत असेल, अभ्यासही घसरला असेल, तर त्याच्या डॉक्टरांकडे न्यावे, हे मुलाला आणि सुनेला तुम्ही स्पष्ट सांगा. घरी दिवसभर तुम्हीच असता. प्रथम तुमच्याच लक्षात येते. "जगण्यात अर्थ नाही" अशा अर्थाचे एक वाक्य जरी कानी आले, तर दोन आठवड्यांची वाट पाहू नये. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेली-मानसचा १४४१६, या क्रमांकांवर केव्हाही बोलता येते.

खेळातील धोक्यांचेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये, अंगाने धडकून अडवण्याची मुभा अकरा-बारा वर्षांच्या गटातून काढून तेरा-चौदाच्या गटापासून ठेवली. मोठ्या मुलांच्या बहुतेक स्पर्धात्मक सामन्यांत मात्र धडका असतातच. डोक्याला मार लागल्यावर मुलगा गोंधळलेला, मळमळणारा, उजेड सहन न होणारा दिसला तर त्या दिवशी पुन्हा खेळणे नाही. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे वैद्यकीय लेखी परवानगीवाचून परतताही येत नाही. नातू तुम्हाला "आबा, आईला सांगू नका" म्हणेल. सांगा.

शेवटी तुमच्याविषयी, कारण तुम्ही सामना पाहायला जाणार. बर्फगृहाच्या आत चांगलीच थंडी असते आणि बाकडी लोखंडी असतात. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो. ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास आहे त्यांनी आपली जिभेखालची गोळी खिशात ठेवावी आणि भरल्या पोटी घाईने चालत जाऊ नये. कानटोपी, दोन मोजे, बसायला जाड घडी. दम्याच्या रुग्णांनी नाकातोंडावर मफलर घ्यावा. मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र इंधनावर चालत असेल तर त्याचा धूर बंद जागेत साचू शकतो; मिनेसोटाच्या आरोग्य खात्याने तेथील हवा तपासण्याचे नियम केलेले आहेत, तरी डोके दुखू लागले तर उठून बाहेर या. सर्वांत अधिक जपायचे ते वाहनतळावर. बर्फापेक्षा तेथील न दिसणारा पातळ थर कंबरेची हाडे मोडतो. नातवाचा हात धरा. त्यालाही ते आवडते, तो कबूल करणार नाही.

फेब्रुवारीत आजोबांचा दूरध्वनी आला, तेव्हा मागून कर्कश भोंगा वाजत होता. "पाच-एकने हरतोय," ते ओरडून सांगत होते, "पण तो एक आमच्याने मारला!" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, की या थंडीत रक्तदाबाची गोळी सकाळऐवजी रात्री घेतली तर चालेल का. मी म्हटले, गोळीची वेळ मनाने बदलू नका. आधी घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून आकडे कळवा. आकडे अजून आलेले नाहीत.