दोघांच्या गाडीत चौघे : पेट्रोलवरच्या जुन्या गोल्फ कार्टची पुनर्बांधणी

पेट्रोलवर चालणारी गोल्फ कार्ट मुळात दोन माणसे आणि गोल्फच्या दोन पिशव्या हिरवळीवरून नेण्यासाठी बांधलेली असते. कारखान्यातून निघताना तिचा वेग ताशी १२ ते १५ मैलांवर, म्हणजे साधारण २० ते २४ किलोमीटरवर बांधलेला असतो. माणसे आणि सामान धरून बहुतेक दोनआसनी गाड्यांची वहनक्षमता ८०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३६० किलोंच्या आसपास असते. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, त्यामुळे तिथली ‘गॅस कार्ट’ म्हणजे पेट्रोलचीच गाडी. गॅसच्या सिलिंडरशी तिचा संबंध नाही.

या धंद्याचे माहेर जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा. डोलन बंधूंनी १९५४ मध्ये तिथे ‘ई-झी-गो’ कंपनी सुरू केली आणि १९६० मध्ये ती टेक्स्ट्रॉन या उद्योगसमूहाकडे गेली. टेक्ससमध्ये जन्मलेली ‘क्लब कार’ही साठच्या दशकात ऑगस्टालाच येऊन स्थिरावली. सत्तरच्या दशकाअखेर जपानची यामाहा या बाजारात उतरली. मोटरसायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्ले-डेव्हिडसननेही १९६३ पासून जवळजवळ वीस वर्षे गोल्फ कार्ट बनवल्या. गोल्फ क्लब अशा गाड्यांचे ताफे काही वर्षांच्या भाडेकरारावर घेतात आणि करार संपला की गाड्या जुन्या बाजारात येतात. तिथून त्या शेतावर, तंबूंच्या छावणीत, मासेमारीच्या तळ्याकाठी किंवा शाळेच्या मैदानावर जातात. काठ्यांच्या पिशव्यांच्या जागी मग लाकूडफाटा, पाण्याचे पिंप, अवजारे आणि मागे पाय सोडून बसलेली मुले येतात.

ओझ्याच्या कामाला पेट्रोलचीच गाडी का, याला एक साधे उत्तर आहे. जुन्या ३६ व्होल्टच्या विजेवरच्या गाडीत शिसे-आम्लाच्या सहा बॅटऱ्या असतात आणि त्यांचेच वजन दीडशे किलोंच्या वर जाते. पेट्रोलच्या गाडीत हे ओझे नसते, आणि टाकी रिकामी झाली तर डबा ओतून पुढे जाता येते. आवाज आणि धूर मात्र सोसावा लागतो.

नव्वदच्या दशकातली ‘ई-झी-गो टीएक्सटी’ हे या जुन्या गाड्यांचे चांगले उदाहरण. तिच्यात फुजी हेवी इंडस्ट्रीजचे ‘रॉबिन’ इंजिन असते : दोन सिलिंडर, चार स्ट्रोक, २९५ सीसी, सुमारे ९ अश्वशक्ती. गाडी उभी असताना हे इंजिन बंदच असते. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने इंजिन फिरवतो, ठिणगी पडते, इंजिन सुरू होते. पाय उचलला की पुन्हा बंद. सुरू करताना मोटर असलेले हेच यंत्र इंजिन चालू झाल्यावर जनरेटर होऊन बॅटरी भरते.

गिअर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. इंजिनावर एक पुली आणि मागच्या धुऱ्याच्या पेटीवर दुसरी, आणि दोन्हींमध्ये रुंद रबरी पट्टा. इंजिनाचा वेग वाढतो तशा पहिल्या पुलीच्या बाजू जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि दुसऱ्या पुलीत खोल उतरतो. त्यामुळे गुणोत्तर आपोआप बदलते. ज्यांनी कायनेटिक होंडा स्कूटर चालवली आहे, त्यांच्या पायाखाली हेच तत्त्व काम करत होते. पुढे-मागे जाण्याचा दांडा मागच्या पेटीतले गिअर बदलतो. त्याच पेटीपाशी वेगनियंत्रक असतो. धुऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेला पोचला की तो कार्ब्युरेटरची झडप मागे ओढतो.

फेरबदल करणाऱ्याचे लक्ष बहुतेकदा आधी इंजिनाकडे जाते, मग मोठ्या टायरांकडे, आणि ब्रेककडे सगळ्यांत शेवटी. हा क्रम नेमका उलटा हवा. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. तेही तारेने ओढले जाणारे साधे ड्रम ब्रेक. पुढच्या चाकांना काहीच नाही. हातब्रेक म्हणून जे असते ते त्याच पेडलला खटका लावून त्याच तारा ताणून ठेवणे. पाय उचलल्यावर गाडीचा वेग उतरला की पट्टा सैल पडतो आणि मग इंजिनाचा आधारही राहत नाही.

थोडा हिशेब मांडला की प्रकरण किती गंभीर आहे ते कळते. गाडी ३३० किलोंची, दोन माणसे १६० आणि पिशव्या २० किलोंच्या धरल्या, तर मूळ भार ५१० किलो होतो. मागे बाक बसवून चार माणसे आणि थोडे सामान घेतले, की हाच भार ७६० किलोंपर्यंत जातो, म्हणजे दीडपट. आता मूळच्या १८ इंची टायरांच्या जागी २२ इंची बसवले, असे समजू. वेगनियंत्रक धुऱ्याच्या फेऱ्या मोजतो, जमिनीवरचे अंतर मोजत नाही. त्यामुळे त्याला हात न लावताही गाडी २२ टक्के अधिक वेगाने धावू लागते. वेगाचा वर्ग केला की तेही जवळपास दीडपट. दोन्ही मिळून थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. उलट, टायर मोठा असल्यामुळे त्याच ड्रमचा जमिनीवर पडणारा रोध १८ टक्क्यांनी घटतो. कागदावर भागाकार केला तर थांबण्याचे अंतर पावणेतीनपट निघते. मूळ ब्रेकमध्ये सुटलेला वाव थोडाफार असेल, पण एवढा खचित नसतो.

म्हणून पहिला खर्च ड्रम उघडण्यावर. लायनर, ड्रमचा आतला पृष्ठभाग, स्प्रिंगा आणि तारा तपासायच्या. गंजून आखडलेली तार तेल सोडून हलती करण्यापेक्षा बदललेली बरी. चार माणसे नियमित न्यायची असतील किंवा वाट डोंगराळ असेल, तर पुढच्या चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवण्याचे संच मिळतात. ते महाग असतात. तरीही मोठ्या इंजिनावर खर्च करायचे पैसे इकडे वळवणे शहाणपणाचे.

ब्रेकनंतर पाटे. टीएक्सटीला पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटेच असतात, जीप आणि ट्रकला असतात तसे, पण सडपातळ. मागे बाक आला की ते सपाट होतात आणि खड्ड्यात टायर मडगार्डला घासू लागतो. अशा वेळी जास्त पाने असलेले, जड कामाचे पाटे आणि नवे बुश बसवतात. नुसते शॉक ॲबसॉर्बर बदलून भागत नाही, कारण त्यांचे काम हेलकावे आवरणे हे आहे, भार पेलणे नव्हे. पाटे फार कडक घेतले तर रिकामी गाडी हाडे खिळखिळी करते. तेव्हा रोजचा भार किती, हे आधी ठरवून मग खरेदी करावी.

टायरांच्या बाबतीत उंचीपेक्षा आतल्या थरांना महत्त्व आहे. हिरवळीसाठीचा टायर मऊ आणि कमी हवेचा असतो. ओझ्यासाठी अधिक प्लायचा, त्यावर छापलेली भारक्षमता पाहून घेतलेला टायर लागतो. साधारण २० इंचांपर्यंतचे टायर बऱ्याच गाड्यांना विनातक्रार बसतात. त्याहून मोठे बसवायचे तर गाडी उचलणारा लिफ्ट संच लागतो आणि गुरुत्वमध्य वर जातो. आखूड, अरुंद आणि हलक्या गाडीला वळणावर हे परवडत नाही. उंच कार्ट दिसते रुबाबदार, एवढेच.

मागच्या बाकाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार उलटणारा असतो. पाठ टेकायची फळी आडवी टाकली की तो सामानाचा सपाट ओटा बनतो, उभी केली की दोघांचे मागे तोंड करून बसायचे आसन. त्याचा सांगाडा प्लास्टिकच्या मागच्या आवरणावर टेकवून चालत नाही. तो थेट चॅसीला बोल्टने आवळावा लागतो. जुन्या गाडीत बोल्ट मारण्याआधी चॅसी ठोकून पाहावी. क्लब कारची चॅसी ॲल्युमिनियमची असल्याने गंजत नाही, पण ई-झी-गो आणि यामाहाची पोलादी असते, आणि समुद्रकाठी किंवा खताच्या गोदामात राहिलेली गाडी रंगाखाली पोखरलेली निघू शकते.

या बाकाची जागा मागच्या धुऱ्याच्याही मागे येते. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांत सुमारे ६६ इंचांचे अंतर. धुऱ्यामागे दीड फुटावर १६० किलो बसवले, तर पुढच्या चाकांवरचा चाळीसेक किलो भार उचलला जातो. इंजिन मागेच असल्याने पुढचा भाग आधीच हलका असतो. चढावर तो आणखी हलका होतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी हवी तशी वळत नाही. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उठते, तसाच हा प्रकार. म्हणून जड सामान पायाशी किंवा पुढच्या आसनाजवळ, आणि मागच्या ओट्यावर हलके पण मोठ्या आकाराचे ठेवतात. सहाजणांना नेणाऱ्या गाड्यांमध्ये चॅसी मधोमध कापून लांबवतात, आसनांची दुसरी रांग दोन धुऱ्यांच्या मध्ये आणतात आणि ब्रेकच्या तारा, पेट्रोलची नळी व वायरिंगही त्या मापाने लांब करतात. हे काम घरच्या वेल्डिंग यंत्रावर करू नये.

मागे तोंड करून बसलेला प्रवासी गाडी झटक्याने सुटली की बाहेर फेकला जातो, आणि मुलांना याचा धोका अधिक. मधला पकडदांडा, पाय टेकायची खडबडीत पट्टी आणि कमरेचे पट्टे यांवाचून हा बाक अपुरा आहे.

एवढे झाल्यावर इंजिनाकडे यावे. बहुतेक वेळा २९५ सीसी पुरेसे असते. कमी पडते ती ओढ, आणि तिचा दोष बऱ्याचदा पट्ट्यात सापडतो. झिजून अरुंद झालेला पट्टा पुलीत खाली बसतो आणि सुरुवातीचे गुणोत्तरच बिघडवतो. नवा पट्टा आणि दुसऱ्या पुलीत अधिक कडक स्प्रिंग एवढ्याने चढावरचा फरक चालवणाऱ्याला जाणवतो. वरचा वेग थोडा कमी होतो, पण ओझ्याच्या गाडीत त्याचे दुःख नाही. तरीही अपुरेच पडले, तर रॉबिनचे ३५० सीसीचे इंजिन जवळपास त्याच जागेत बसते. वेगनियंत्रकाची स्प्रिंग ताणून वेग वाढवण्याचा फुकटचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. ब्रेक जुनेच असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

जुन्या गाडीत इंधनाची नळी बदलणे हे छोटे पण आवश्यक काम. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि तडकते, आणि हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. दिव्यांसाठी एलईडीच निवडावेत. साधे ५५ वॉटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टच्या बॅटरीतून नऊ अँपिअर ओढतात, आणि गाडी थांबली की इंजिन बंद, म्हणजे भरणेही बंद. थांबत थांबत हिंडणाऱ्या गाडीची बॅटरी अशाने तासा-दोन तासांत खाली येते.

सगळे जुळल्यावर पहिली फेरी माणसांनिशी काढत नाहीत. वाळूच्या पोत्यांनी पूर्ण भार भरून गाडी उतारावर नेतात, थांबवून पाहतात, आणि परत आल्यावर बाकाचे बोल्ट पुन्हा आवळतात.

कायद्याची सीमा वेगावर ठरते. अमेरिकेत १९९८ पासून ताशी २० ते २५ मैल वेगाच्या चारचाकींचा वेगळा वर्ग आहे. त्यांना दिवे, वळणाचे इशारे, आरसे, पुढची काच, सीटबेल्ट आणि ओळख क्रमांक हे सारे सक्तीचे आहे. २० मैलांच्या आतली कार्ट या वर्गात येत नाही. ती कोणत्या रस्त्यावर चालेल हे राज्य आणि गाव ठरवते. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत तर तिच्यासाठी स्वतंत्र वाटांचे जाळेच आहे, आणि तिथले लोक बाजारहाटालाही कार्टनेच जातात.