शो कितीचा आहे?

*सिनेमा चांगला की वाईट ते नंतर बघू. आधी सांगा, ऑफिसातून निघून वेळेत पोचता येईल असा एखादा शो आहे का? ना दर्दी ना डायहार्ड फॅन, अशा मधल्या प्रेक्षकाचा हा वीकेंड हिशोब...*

शुक्रवार, दुपारचे साडेचार. कुठल्याही ऑफिसातला कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. 'आज पिक्चर?' असा मेसेज पडलेला असतो. खाली तीन अंगठे, एक 'मी आहे!' आणि मग सुरू होते खरी गंमत. एकाचा कॉल साडेसातला संपणार असतो (म्हणजे सव्वाआठला). एकीला रिव्ह्यू कळल्याशिवाय जागचं हलायचं नसतं. कुणीतरी तिकिटाच्या रेटचा स्क्रीनशॉट टाकतं. आणि शेवटी तो एक जण, जो प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, येऊन सगळ्यावर पाणी ओततो. 'अरे, येईलच की ओटीटीवर!'

खलास. प्लॅनचा दी एंड.

आता आधीच सांगून टाकते, मी काही सिनेमातली दर्दी वगैरे नाही. इराणी सिनेमावर बोलणाऱ्या मंडळींच्या घोळक्यात मी गुपचूप चहा पिते. आणि हीरोच्या एंट्रीला शिट्ट्या मारणारे, पहाटे सहाच्या शोला रांग लावणारे, त्यांच्यातलीही मी नाही. आमची जमात मधली. मूड आहे, मैत्रीण आहे, घरी लवकर जाऊन करायचंय काय, चल पिक्चर टाकू! कुठला? लागलाय तो. आमचे आईबाबा असेच जायचे आणि निम्मे सिनेमे त्यांना आवडायचेही नाहीत. पण पिक्चर पडला तरी संध्याकाळ पडायची नाही. बाहेर आल्यावर शिव्या घालायला एक विषय मिळायचा.

ही मधली जमात झपाट्याने कमी होतेय आणि माझी सगळी तक्रार त्याबद्दलच आहे.

खिसा आणि घड्याळ

पहिलं कारण उघड आहे. वीकेंडला चांगल्या मल्टिप्लेक्समध्ये दोन तिकिटं, एक पॉपकॉर्न, एक कोल्ड्रिंक, पार्किंग. पाचशेच्या दोन नोटा गेल्याच म्हणून समजा. कधी त्यावर तिसरीही. एवढे पैसे मोजायचे म्हटल्यावर 'लागलाय तो' पिक्चर कोण बघेल? प्रत्येकाला गॅरंटी हवी. बाय द वे, पॉपकॉर्नचं प्रकरण आपल्याकडे किती सीरियस आहे बघा. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने चक्क त्याच्या टॅक्सचा खुलासा केला. सुटं खारं असेल तर ५ टक्के, पाकीटबंद आणि लेबल लावलेलं असेल तर १२, कॅरमलवालं असेल तर १८. आठवडाभर नेटवर त्याचेच जोक फिरत होते. थिएटरमधल्या पॉपकॉर्नची किंमत हाच मुळात जोक आहे, हे मात्र कुणी बोललं नाही!

दुसरं कारण वेळ. बंगळुरात एका प्रेक्षकाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'सॅम बहादुर'चं चार वाजून पाच मिनिटांचं तिकीट काढलं. पिक्चर सुरू झाला साडेचारला. मधली पंचवीस मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर. पठ्ठ्याला नंतर कामावर जायचं होतं, तो थेट ग्राहक मंचात गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली, पण तोपर्यंत तो माणूस देशभरातल्या नोकरदारांचा हीरो झाला होता. माझाही.

आणि लांबी! 'अॅनिमल' तीन तास एकवीस मिनिटं. 'पुष्पा २' तीन तास वीस. त्यात जाहिराती, इंटरव्हल, मग पार्किंगमधून गाडी काढण्याचा तो रोमांचक अर्धा तास. रात्री पावणेदहाचा शो पकडला तर मध्यरात्री अडीचला घरी, सकाळी नऊला लॉगइन. मला 'पुष्पा २' मधला जत्रेचा सीन जाम आवडला. साडी नेसलेल्या अल्लू अर्जुनने पडदा फाडला, त्याबद्दल वादच नाही. पण शेवटच्या तासाला मी हीरोपेक्षा घड्याळाकडे जास्त बघत होते. 'छावा'चंही थोडंफार तसंच. सेकंड हाफ अंगावर येतो, विकी कौशलने जीव ओतलाय, आणि शांतपणे विणकाम करणारा अक्षय खन्नाचा औरंगजेब तर बोलत नाही तेव्हा जास्त भीती वाटते. पण फर्स्ट हाफ पळतो नुसता, कुणाची धड ओळखच होत नाही. आणि रेहमानचं संगीत त्या मातीतलं वाटत नाही ते नाहीच. हे मी आमच्या ऑफिसात बोलून दाखवलं, तर दोन दिवस माझ्याशी कुणी चहाला येईना!

पण 'पुष्पा' किंवा 'छावा'ला माझ्या मताची काय पडलीय? ते सकाळपासून रात्रीपर्यंत लागलेले असतात. तुम्ही कितीही वाजता सुटा, शो आहेच. प्रॉब्लेम बाकीच्यांचा आहे.

घरी बघितलेली फुलकुमारी

'लापता लेडीज' तुम्ही बघितलाय ना? सगळ्यांनी बघितलाय. आता सांगा, कुठे? १ मार्च २०२४ ला तो थिएटरला लागला. कौतुक झालं, पण रांगा काही लागल्या नाहीत. २६ एप्रिलला तो नेटफ्लिक्सवर आला आणि मग जो तो मंजूमाईचे डायलॉग मारायला लागला. भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. चांगलंच झालं की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण रेल्वे स्टेशनवर एकटी बसलेली फुल, तो गोंगाट, ती घाबरलेली नजर, हे लॅपटॉपच्या स्क्रीनवर मधेच बॉसचा मेसेज वाचत बघणं आणि अंधारात बघणं यात फरक आहे. आणि हसण्याचं काय? हा पिक्चर शंभर जणांनी एकत्र हसायचा आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त लागतं. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'. मे २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळालेला सिनेमा. अवॉर्डवाला म्हटल्यावर आमच्या मधल्या जमातीला जरा धडकीच भरते, तीन तास भिंतीकडे बघत बसलेला म्हातारा असणार! प्रत्यक्षात हा पिक्चर अगदी आपला आहे. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात काम करणाऱ्या तीन बायका. लोकल, पाऊस, शिफ्ट, खोलीचं भाडं, शहरात निवांत भेटायला जागा न मिळणारी एक जोडी. छाया कदमची पार्वती बिल्डरमुळे घर सोडून कोकणात गावी परत जाते. ऑफिस सुटल्यावर स्टेशनच्या गर्दीत उभं राहून आपण जे कुणाला सांगत नाही, ते या पिक्चरमध्ये आहे. आपल्याकडे तो लागला २२ नोव्हेंबर २०२४ ला. मोजके शो. दोन आठवड्यांनी ५ डिसेंबरला 'पुष्पा २' आला आणि विषय संपला. मी ज्या शोला गेले तिथे आम्ही जेमतेम दहाबारा जण होतो. पिक्चर संपल्यावर कुणी लगेच उठलं नाही. अनोळखी लोक एकमेकांकडे बघून कसंनुसं हसले. ते ओटीटीवर मिळत नाही, बॉस.

प्राइम टाइम म्हणजे दुपारचा साडेबारा!

आता आपल्या मराठीकडे येऊ. इथे तर घड्याळच व्हिलन आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी घोषणा झाली संध्याकाळी सहा ते नऊची. त्यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि मग प्राइम टाइम ठरला दुपारी बारा ते रात्री नऊ. आता जरा डोकं चालवा. बारा ते नऊ! म्हणजे मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो लावला, तरी कागदावर तो प्राइम टाइमच. त्या वेळी तुमचा डबा उघडलेला असतो. प्राइम टाइम आहे, पण कुणाचा?

मजा म्हणजे हीच दुपार एका पिक्चरला पावली. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला आणि आमच्या आया-मावश्या-काकवांनी थिएटर ताब्यात घेतली. नऊवारी, गॉगल, ग्रुप फोटो. आईच्या भिशी मंडळाने तर बुधवारी दुपारचा शो जवळजवळ रिझर्व्ह केला होता. पोरांनी टर उडवली, मीम्स केले. मला स्वतःला पिक्चर थोडा लाऊड वाटला. पण आई घरी येऊन तिच्या बहिणींना एकामागून एक फोन करत बसली, तेव्हा मी गप्प बसले. त्या बायकांना दुपार मोकळी होती, शो दुपारी होते, जमून गेलं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'झिम्मा' तर निम्म्याच सीट भरायची परवानगी असताना चालला होता. म्हणजे लोक येत नाहीत हे काही खरं नाही. जमण्यासारखा शो असला की येतात.

याच्या उलट 'स्थळ'. जयंत सोमलकरचा हा पिक्चर ७ मार्च २०२५ ला आला. टोरांटोच्या फेस्टिव्हलमध्ये २०२३ ला नेटपॅक अवॉर्ड मिळवलेला. विदर्भातल्या गावातली शिकणारी मुलगी आणि तिला बघायला येणारे पाहुणे. तोच स्टूल, तेच पोहे, तेच प्रश्न. एकदा, दोनदा, पुन्हा. हसू येतं, मग हसल्याची लाज वाटते. हा पिक्चर कुणी बघायला हवा होता? आपणच की! ज्यांच्या बायोडेटाचे पीडीएफ सध्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये फिरतायत त्या सगळ्यांनी. पण तेव्हा 'छावा' जोरात होता आणि 'स्थळ'ला माझ्या घराजवळ मिळालेला शो होता सकाळचा. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने तो बघायला चक्क हाफ डे टाकला. कारण काय दिलं? 'स्थळ बघायला जायचंय.' मॅनेजरने लगेच मंजूर केली.

त्याच वर्षी १८ जुलैला 'येरे येरे पैसा ३' आणि 'सैयारा' एकाच दिवशी लागले. 'सैयारा' सुसाट सुटला, मराठीचे शो कमी झाले, राजकीय पक्षांनी इशारे दिले, चॅनलवर चर्चा झाल्या. माझं मत विचाराल तर काच फोडून प्रेक्षक येत नाही. पण 'डिमांडच नाही' हे थिएटरवाल्यांचं म्हणणंही मला अर्धवट वाटतं. सकाळी दहाच्या शोला डिमांड कुठून येणार? मग सोमवारी आकडे बघून म्हणायचं, बघा, चालत नाही! सप्टेंबरमध्ये 'दशावतार'ने ते खोटं ठरवलं. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर, कोकण, मालवणी बोली. शो मिळाले, रात्रीचेही, आणि आमच्यासारखी कॉल संपवून येणारी जनता गेलीच. शेवटाकडे पिक्चर जरा भाषण देतो, पण प्रभावळकरांना सगळं माफ!

सेकंड इनिंग

सध्याची लेटेस्ट फॅशन म्हणजे री-रिलीज. 'तुंबाड' पहिल्यांदा आला ऑक्टोबर २०१८ मध्ये, तेव्हा फारसा कुणी फिरकला नाही. सहा वर्षं तो मोबाइलवर, लॅपटॉपवर फिरला, कल्ट झाला. १३ सप्टेंबर २०२४ ला परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. 'लैला मजनू'चंही तेच. २०१८ ला पडला, २०२४ ला पब्लिक रडायला परत आलं. मी 'तुंबाड' दोन्ही वेळा थिएटरला बघितला. तो पाऊस, तो वाडा आणि ते पोट मोठ्या पडद्यावर बघितलं की टीव्हीवर बघणाऱ्यांची कीव येते. पण हा आनंद मला जरा कडवटच वाटतो. ज्यांनी तो बनवला त्यांनी सहा वर्षं थांबायचं? आणि अशी सेकंड इनिंग 'स्थळ'ला मिळेल? मला शंका आहे.

पूर्वी यावर एक सोपा इलाज होता, जवळची टॉकीज. तिकीट कमी, त्यामुळे पिक्चर बंडल निघाला तरी दुःख कमी. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. मराठा मंदिरमधला 'डीडीएलजे' आपण कौतुकाने सांगतो (ऑक्टोबर २०२५ मध्ये तीस वर्षं झाली!), पण तिथे अजून गर्दी जमते त्यात शाहरुखइतकाच त्या स्वस्त तिकिटाचाही हात आहे.

मल्टिप्लेक्सवाल्यांनाही हे थोडंफार उमगलेलं दिसतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एक दिवस पंचाहत्तर रुपयांत तिकीट दिलं, तर थिएटरं भरून वाहिली. नंतर काही ठिकाणी मंगळवारची स्वस्त तिकिटंही आली. तेव्हापासून आमच्या पाच जणांचा एक मंगळवार क्लब आहे. नियम तीन. रिव्ह्यू वाचायचा नाही. पिक्चर पहिल्या आठवड्यातलाच, कारण दुसऱ्या आठवड्यात छोटा पिक्चर सापडतच नाही. आणि पॉपकॉर्न बंद, त्याऐवजी नंतर बाहेरच्या गाडीवर भुर्जी-पाव.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये असाच 'साबर बोंडं' बघितला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुंबईचा मुलगा आणि त्याचा गावातला जुना मित्र. रोहन कानवडेचा पिक्चर, सनडान्सला ग्रँड ज्युरी प्राइझ मिळवलेला. आमच्यातल्या दोघांना तो फार संथ वाटला. एक जण अजिबात बोलत नव्हता. भुर्जी आली, पाव आले, आणि त्याने एकदम विचारलं, 'त्या आईला सगळं आधीपासून माहीत होतं ना रे?' त्यावरून आमचं जे भांडण जुंपलं ते गाडीवाल्याने गॅस बंद केला तरी चालूच होतं.