खारजमिनीवरून परदेशी

उरणच्या खाडीकाठी बांध फुटला की उधाणाचं पाणी थेट भातात शिरतं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशाच खारट मातीसाठी भाताच्या जाती काढल्या. हाच विषय घेऊन परदेशी एम.एस्सी. करायचं, तर पैसा कुठून आणायचा? केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींबरोबर भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही आहे; ही ओळ बरेच जण वाचतच नाहीत. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, गुण किमान ६० टक्के, वय ३५च्या आत. बी.एस्सी.साठी मात्र ती नाही. ओबीसींसाठी राज्याची योजना वेगळी. युरोपच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागत नाही. तिचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला तेवढा आधीच काढून ठेवावा, ऐनवेळी तहसीलच्या खेपा नकोत.