दिवे आणि गिझर : सुरुवात कुठून करावी?

घर 'स्मार्ट' करायचं म्हणून भिंती फोडायची गरज नाही. एका बल्बपासून सुरुवात करा. तो नेहमीच्याच होल्डरमध्ये बसतो आणि ॲपमधून वाय-फायला जोडता येतो. बहुतेक स्मार्ट बल्बना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय चालतं. जोडणी होत नसेल तर राउटरमध्ये आधी ते पाहा. पण भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं की बल्ब मोबाइललाही दाद देत नाही, आणि आजी-आजोबा असलेल्या घरात हे रोज घडतं. म्हणून मला बटणामागे बसणारं छोटं रिले मॉड्यूल जास्त पटतं: बटणही चालतं, मोबाइलही. त्यातल्या बऱ्याच मॉड्यूलना न्यूट्रल वायर लागते. जुन्या इमारतींच्या स्विचबोर्डात ती अनेकदा नसते, तेव्हा विकत घेण्याआधी वायरमनकडून बोर्ड उघडवून बघा.

आता गिझरकडे वळू. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी घर नव्हे, पाणी तापवायचं असतं. २००० वॅटचा गिझर सलग जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याला १० अँपिअरचा स्मार्ट प्लग लावू नका, १६ अँपिअरचाच घ्या. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण वीस मिनिटं आणि पाऊण युनिटहून कमी वीज लागते. आंघोळ सहाला असेल तर ५.४० ला चालू, ६ ला बंद, एवढी वेळ लावली की पुरे. थर्मोस्टॅटचं काम मात्र ॲपवर सोडू नका. तो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठीक आहेत ना, अर्थिंग नीट आहे ना, हे प्लग बसवण्याआधी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्याच.