सूक्ष्मदर्शक, संयुक्त : प्रयोगशाळेसाठी निवड

वस्तुभिंगाने तयार केलेली वस्तूची मोठी प्रतिमा नेत्रिकेने आणखी मोठी करून दाखविणाऱ्या उपकरणास संयुक्त सूक्ष्मदर्शक म्हणतात. वस्तुभिंग व नेत्रिका यांच्या वर्धनांचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन होय. खरेदीच्या वेळी या आकड्याकडेच प्रथम लक्ष जाते; वस्तुतः निवडीचा तो सर्वांत कमी भरवशाचा निकष आहे.

निकट असलेले दोन बिंदू अलग दाखविण्याच्या क्षमतेस विभेदनक्षमता म्हणतात. ती वस्तुभिंगाच्या अंकीय द्वारकावर (भिंगात शिरणाऱ्या प्रकाशशंकूच्या अर्धकोनाची ज्या व मधल्या माध्यमाचा प्रणमनांक यांच्या गुणाकारावर) अवलंबून असते, हे जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखविले. हा अंक भिंगाच्या वेष्टनावर कोरलेला असतो. हिरव्या प्रकाशात ०·६५ द्वारकाचे ४० पट वस्तुभिंग सु. ०·५ मायक्रोमीटर, तर १·२५ द्वारकाचे १०० पट तैलनिमज्जन वस्तुभिंग सु. ०·२७ मायक्रोमीटर अंतरावरील बिंदू अलग दाखविते. उपयुक्त वर्धन द्वारकाच्या ५०० ते १,००० पट एवढेच असते. त्यामुळे १०० पट भिंगावर २० पट नेत्रिका बसवून २,००० हा आकडा गाठता आला, तरी नवा तपशील काहीच दिसत नाही. प्रतिमा फक्त मोठी व अंधुक होते. अशा वर्धनास पोकळ वर्धन म्हणतात.

कांद्याच्या पापुद्र्यातील कोशिका पाहण्यास शाळेत १० व ४० पट भिंगे पुरतात. थुंकीतील क्षयजंतू वा रक्तातील हिवतापाचे परजीवी ओळखण्यास मात्र तैलनिमज्जन भिंग अपरिहार्य ठरते. तेथे भिंग सदोष असल्यास जंतू नजरेतून सुटतात व रुग्ण उपचाराविना परत जातो. पुष्कळ नमुने तपासणाऱ्या क्षयरोग केंद्रांसाठी अनुस्फुरक रंजक व प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) वापरणारा सूक्ष्मदर्शक अधिक सोयीचा असतो. कमी वर्धनाखाली मोठे क्षेत्र तपासता येत असल्याने वेळ वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची शिफारस केली.

संघनकाकडे बहुधा दुर्लक्ष होते. त्याचा द्वारक अपुरा असेल, तर महागड्या वस्तुभिंगाची क्षमता वाया जाते. उजेड कमी करण्यासाठी संघनकाचे पटल मिटण्याची सवयही अशीच घातक असते. त्यासाठी दिव्याची तीव्रताच कमी करावी. साध्या अवर्णक भिंगांत क्षेत्राच्या कडा अस्पष्ट दिसतात. दिवसभर काचपट्ट्या तपासणाऱ्यास सपाट क्षेत्राची भिंगे व द्विनेत्री नळी घेणे योग्य. एरवी तो खर्च टाळता येतो.

खरेदीपूर्वी रंजित रक्तलेप पाहून परीक्षा घ्यावी. वस्तुभिंग बदलल्यावर प्रतिमा जवळजवळ स्पष्ट राहिली पाहिजे व सोडून दिलेला मंच आपोआप खाली सरकता कामा नये. विजेचा भरवसा नसेल तेथे आरसा किंवा विद्युत् घटावर चालणारा दिवा असावा. कोकणासारख्या दमट हवेत भिंगांवर बुरशी वाढून ती कायमची निकामी होतात. म्हणून सिलिका जेल ठेवलेली बंद पेटी उपकरणासोबतच घ्यावी.