नवी संगणकप्रणाली केव्हा स्वीकारावी?

संगणकाची कार्यप्रणाली नव्या रूपात आली, की ती लगेच घ्यावी का, असा प्रश्न पडतो. विंडोज ११ हे याचे उदाहरण होय. २०२१ मध्ये ती आली, तेव्हा ‘स्टार्ट’चे बटण डाव्या कोपऱ्यातून मध्याकडे सरकले. असे बदल सवयीचे होतात; निर्णय त्यांवर बेतू नये.

पहिली कसोटी सुरक्षिततेची. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. संगणक पुढेही चालतो. परंतु विस्तारित सुरक्षा योजनेत नोंदणी केल्याशिवाय नव्या त्रुटींवरील दुरुस्त्या मिळत नाहीत. दुसरी कसोटी यंत्राच्या क्षमतेची. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणक्षमता व टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी तिसरी कसोटी लेखनाची. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर, तो फॉन्ट नसल्यास, निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. संगणक पूर्ण पुसून नवी प्रणाली बसवल्यास असे फॉन्टही जातात. म्हणून आपल्या प्रकल्पलेखनाची प्रत व फॉन्टची फाइल आधी पेनड्राइव्हवर घ्यावी. शक्यतो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. प्रणाली पुन्हा बसवता येते. हरवलेले लेखन मात्र पुन्हा लिहावे लागते.